दगडी राक्षसाला घाव किती लागावा? आरपीजीत डॅमेज रेझिस्टन्सचा नियम कसा निवडावा

जळगाव-धुळ्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत टेबलटॉप आरपीजीचा, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रं वठवायच्या खेळाचा डाव मांडणार असाल, तर कथा आपल्याच मुलखातली घ्या. धुळ्याजवळचा लळिंग किल्ला, खानदेशच्या फारुकी सुलतानांचा काळ आणि तटबंदीत दडलेला दगडी अंगाचा राक्षस. एका खेळाडूकडे तिरकामठा, दुसऱ्याकडे दोन्ही हातांनी पेलायची कुऱ्हाड. राक्षसाचं अंग घाव कसं अडवतं (यालाच डॅमेज रेझिस्टन्स म्हणायचं), एवढंच गेम मास्टरने, म्हणजे डाव चालवणाऱ्याने ठरवायचं असतं. पण त्या एका नियमापायी कुणाची तरी अख्खी संध्याकाळ वाया जाऊ शकते.

आधी कागदावर दोन पात्रं मांडा. तिरंदाज एका पाळीत दोन बाण सोडतो, प्रत्येक बाणाला सहा बाजूंचा एक फासा; त्यावर पडेल तेवढं नुकसान, म्हणजे डॅमेज. कुऱ्हाडीचा घाव एकच, पण दोन फाशांचा. सगळं लागलं तर दोघांची सरासरी सातच येते. आता या दोघांवर एकेक नियम लावून बघा.

ठरावीक वजावट. प्रत्येक घावातून तीन वजा करा. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध आरपीजीच्या 2003 सालच्या 3.5 आवृत्तीतलं डॅमेज रिडक्शन याच जातीचं, आणि गर्प्स या दुसऱ्या आरपीजीतलं चिलखतही. बाणाच्या फाशावर एक, दोन किंवा तीन पडले की हाती शून्य. सरासरी एका बाणामागे एक, म्हणजे पाळीला दोन. कुऱ्हाडीला मात्र चार मिळतात. ताकद सारखी असून तिरंदाजाची किंमत निम्म्यावर आली! ‘भाऊ, मना तीर वाया गया’ हे तिसऱ्यांदा ऐकू आलं की समजा, तो खेळाडू डावातून उठल्यात जमा आहे. तरीही दगडाचा दगडपणा या नियमात सर्वांत खरा वाटतो, आणि म्हणून तो मला आवडतो.

निम्मं नुकसान. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत रेझिस्टन्स म्हणजे डॅमेज अर्धं, अपूर्णांक खाली सोडायचा. दोन बाणांचे तीन, कुऱ्हाडीचे सव्वातीन. कुणावर अन्याय नाही, हिशेबही झटपट. अडचण अशी की सगळ्यांचेच घाव अर्धे झाले तर राक्षसाचे हिट पॉइंट (किती नुकसान सोसेल तो आकडा) दुप्पट केल्यासारखंच होतं आणि लढाई नुसती लांबते. काही शस्त्रांना अर्धं आणि काहींना पूर्ण असेल, तरच या नियमात रंगत येते.

घाव लागणंच अवघड करणं. 1974 च्या मूळ डन्जन्स अँड ड्रॅगन्सपासून आर्मर क्लास, म्हणजे चिलखताचा आकडा, हेच करतो. घाव लागायला वीस बाजूंच्या फाशावर किमान अकराऐवजी पंधरा पडावे लागत असतील, तर दोघांची सरासरी साडेतीनवरून 2.1 वर येते. हिशेब समान, पण दगडावर आपटून तुटलेला बाण आणि हुकलेला बाण यांत खेळणाऱ्याला फरक जाणवतो. चपळ शत्रूसाठी हा नियम ठेवा.

लळिंगच्या राक्षसाला मी तीनची वजावटच देईन, पण सोबत ती मोडायची किल्ली ठेवून. 3.5 मध्ये काही राक्षसांची वजावट चांदीच्या शस्त्रापुढे चालत नसे. तशी सोय इथेही हवी. कातळ तापवून त्यावर एकदम गार पाणी ओतलं की तो तडकतो. पायथ्याच्या गावातल्या पाथरवटाच्या तोंडून ही गोष्ट लढाईआधीच कानावर घाला. मग तिरंदाज पेटते बाण सोडेल, कुणी पखाल घेऊन तटावर चढेल, आणि तडा गेला की वजावट संपली. ज्याचे बाण फुकट जात होते, त्याच्याच हातात डाव येतो.

क्रम आधीच लिहून ठेवा. एखाद्या मंत्राने तीन कमी होत असतील आणि रेझिस्टन्सने अर्धं, तर तेराच्या घावाचं काय? आधी वजावट केली तर दहाचे पाच. आधी अर्धं केलं तर सहातून तीन गेले, उरले तीन. पाचव्या आवृत्तीत वजावट आधी होते, आणि एकाच प्रकारच्या डॅमेजला दोन रेझिस्टन्स असले तरी अर्धं एकदाच होतं. तोच क्रम ठेवा.

शेवटी, आकडा लपवू नका. पहिला बाण आपटला की ‘टवका उडाला, तीन अडले’ असं उघड सांगा. पुढच्या पाळीत काय करायचं, हे खेळाडूंना त्यावरूनच ठरवता येतं.