आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल: सहावी ते आठवीची स्पर्धा कशी घ्यावी

माझी नोकरी बांधकाम खात्यात गेली, त्यातली बरीचशी पुलांच्या कामांवर. निवृत्त झाल्यावर गावातल्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी बोलावलं, तेव्हापासून ही स्पर्धा आम्ही दोघं मिळून घेतो. एरवी शाळेच्या प्रदर्शनात थर्माकोलचा ताजमहाल येतो, वडील रात्र जागून तो करतात आणि बक्षीस मुलाला मिळतं. ती हस्तकला झाली, तीही वडिलांची. अभियांत्रिकीची स्पर्धा घ्यायची तर वस्तू मोडेपर्यंत तपासायची आणि मोडल्यावर मुलांना पुन्हा बांधायला लावायची. ही दुसरी फेरी घेणं जमणार नसेल तर स्पर्धा घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

नियम थोडेच ठेवा. चार मुलांचा गट. प्रत्येक गटाला बिनरंगी १०० काड्या आणि फेविकॉलची बाटली शाळेनेच द्यायची, म्हणजे कुणी महागडं सामान आणायचा प्रश्न नाही. दोन बाकांमध्ये ४० सेंटिमीटरचा गाळा. पूल बाकांवर नुसता टेकवायचा, बांधायचा किंवा चिकटवायचा नाही. काम शाळेतच करायचं, अर्धवट पूलही घरी न्यायचा नाही. काडी जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरची, त्यामुळे जोड द्यावाच लागतो आणि खरी परीक्षा तिथेच असते.

बांधायला बसवण्याआधी दोन गोष्टी हातात देऊन दाखवा. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्यांचा चौकोन करून कोपऱ्यांना टाचण्या लावा. बोटाने ढकलला की तो कलतो. आता एक तिरकी पट्टी लावा, चौकोन जागचा हलत नाही. रेल्वेच्या लोखंडी पुलांना सगळीकडे त्रिकोण का असतात, हे मग सांगावं लागत नाही. दुसरी गोष्ट, एक काडी दोन तळव्यांत उभी धरून दाबायला सांगा. ती लगेच मध्ये वाकते. अर्धी तोडून दाबा, वाकता वाकत नाही. लांबी निम्मी केली की वाकण्याआधी काडी सुमारे चौपट दाब सोसते. पुलाच्या वरच्या अंगाला दाब येतो आणि खालच्या अंगाला ताण. म्हणून वरच्या काड्या आखूड टप्प्यांत किंवा दुहेरी घ्यायच्या. खाली एकेरी काडी चालते, पण तिचा सांधा पक्का हवा.

सांध्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण निम्मे पूल तिथेच जातात. काड्या टोकाला टोक लावून चिकटवू नका, किमान दोन सेंटिमीटर एकमेकींवर चढवा. फेविकॉल पातळ आणि सगळीकडे सारखा लावा. जाड थर दिला की तो आतून ओला राहतो आणि वजनही वाढतं. वर कपड्यांचे चिमटे लावून पूर्ण एक दिवस सोडा. कोकणात ही स्पर्धा जुलैत घ्यायला जाऊ नका, दिवाळीनंतरच घ्या. वाकड्या आणि गाठीच्या काड्या आधीच वेगळ्या काढायची सवय लावा. मुलं हे काम कंटाळत करतात, पण करून घ्या.

तपासणीच्या दिवशी प्रत्येक पुलाचं वजन करून फळ्यावर लिहा. मग गाळ्याच्या मध्यावर लाकडी पट्टी आडवी ठेवून तिला बादली टांगा. बादली जमिनीपासून चार बोटंच वर हवी. सगळ्यांच्या पायात बूट, जवळच्यांना चष्मे. भरण्याआधी गटाने पूल कुठे मोडेल तिथे लाल पेनाने खूण करायची. अंदाज बरोबर आला तर वेगळे गुण. वाळू गटातल्याच मुलाने मगाने ओतायची, प्रत्येक मगानंतर दहा आकडे मोजायचे. समोर मोबाइलवर स्लो मोशन लावून ठेवा. डोळ्यांना सगळा पूल एकदम कोसळल्यासारखा दिसतो. चित्रण पाहिलं की कळतं, आधी एकच सांधा उघडला, किंवा वरच्या काड्या बाजूला फुगल्या. बाजूला फुगण्याचं कारण बहुधा एकच असतं, दोन्ही बाजूंच्या चौकटी वरून आडव्या काड्यांनी बांधलेल्या नसतात.

विजेता ठरवताना पेललेलं वजन भागिले पुलाचं स्वतःचं वजन, असं गुणोत्तर काढा. १०० ग्रॅमच्या पुलाने १२ किलो पेलले तर १२०. १५० ग्रॅमच्या पुलाने १४ किलो पेलले तरी ९३च. जाडजूड पूलवाले चिडतात, पालक तर जास्तच. चिडू द्या. खऱ्या पुलाचा बराचसा ताकदीचा भाग स्वतःचंच ओझं उचलण्यात खर्ची पडतो. कॅनडातला क्वेबेकचा पूल बांधकाम चालू असताना १९०७ साली कोसळला आणि ७५ कामगार गेले. तो खरा जेवढा भारी होणार होता त्यापेक्षा कमी वजन हिशेबात धरलं होतं. तो पूल खांबापासून पुढे अधांतरी वाढवत नेत होते, अशा पुलात आपल्या पुलाच्या उलट दाब खालच्या अंगाला येतो, आणि ते खालचे भाग आधी वाकले. आठवीच्या मुलांना हे सांगा, नीट ऐकतात.

दुसरी फेरी आठवड्याने घ्या, तेवढ्याच काड्यांत. मी निम्मे गुण या फेरीला ठेवतो: गुणोत्तर किती वाढलं, आणि वहीत काय लिहिलंय. वहीत पहिल्या पुलाचं चित्र, मोडलेली जागा, कारण आणि केलेला बदल एवढंच हवं. अक्षर कसंही चालेल. ही वही पुढे कामी येते. केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळेमार्फत मुलांच्या कल्पना पाठवता येतात आणि निवड झाली की प्रतिकृती करायला १०,००० रुपये मुलाच्या खात्यात येतात. बदल का केला ते लिहायची सवय असलेलं मूल तिथे परीक्षकांच्या प्रश्नांना अडत नाही.

मोडलेले पूल फेकू नका. नाव काढून, नंबर घालून खोक्यात ठेवा. पुढच्या वर्षीच्या सहावीला पहिल्या तासाला एकेक हातात द्या आणि कुठून मोडला ते शोधायला सांगा.