वेबसाइटवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी: कीवर्डची वही

वेबसाइट बनवून देणारा पहिल्याच भेटीत विचारतो, "तुमचे कीवर्ड काय?" कीवर्ड म्हणजे गिऱ्हाईक गुगलवर जे शब्द टाकून शोधतं ते. आपला दुकानदार म्हणतो, "तुम्हीच टाका की चांगले बघून." इथंच घोडं पेंड खातं. तो बिचारा ऑफिसात बसून 'भारतातील सर्वोत्तम हळद पावडर' असलं काहीतरी टाकतो, आणि पुढं वर्षभर त्या शब्दावरून एक गिऱ्हाईक येत नाही. म्हणून ही तयारी ॲडव्हान्स देण्याआधीची, आणि ती ज्याचं दुकान त्यानंच करायची. उदाहरण हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतकडच्या हळदीचं घेतो, कारण तिकडच्याच एका काकांच्या वेबसाइटशी मी दोन वर्षं झटतोय. तुमचं बियाण्याचं दुकान असो, पैठणीचं असो की क्लास, क्रम हाच ठेवा.

पहिली गोष्ट, एक दोनशेपानी वही आणा आणि फोनशेजारी ठेवा. लॅपटॉप नको, एक्सेल तर अजिबात नको. निदान पंधरा दिवस, जो कुणी फोन करेल किंवा दुकानात येईल त्याचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहा. शुद्ध करू नका. काकांच्या वहीत आलं ते असं: "घरची हळद हाय का, बिनभेसळीची?" "कशी किलो द्यायलाव?" "पुण्याला पाच किलो पाठवता का?" "हळकुंडच द्या, आम्ही दळून घेतो." "सेलम आहे ना?" (सेलम ही हळदीची एक जात.) पाकिटावर मात्र काकांनी मोठ्या हौसेनं छापलं होतं, 'उच्च कर्क्युमिनयुक्त प्रीमियम हळद'. प्रीमियम हा शब्द पंधरा दिवसांत एकाही माणसाच्या तोंडून आला नाही. कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक, एकदा आला. हैदराबादच्या एका व्यापाऱ्यानं विचारलं, टक्के किती आणि लॅबचा रिपोर्ट आहे का. ते वाक्य लाल शाईनं लिहून ठेवा. तो वेगळा गिऱ्हाईक आहे, त्याचं पान वेगळं होणार.

मालकापेक्षा काउंटरवरच्या पोराला जास्त माहीत असतं, त्यालाही वहीला बसवा. व्हॉट्सॲपच्या शोधात 'मिळेल का', 'पाठवता का', 'भाव' हे शब्द टाकून जुने मेसेज वर काढा. दोन वर्षांचा माल तिथं आयता पडलेला असतो.

वही भरली की बोललेल्या शब्दाची टाइप केलेली रूपं शेजारी मांडायची. यात घाई नको. माणूस बोलतो एक आणि मोबाइलवर टाइप करतो दुसरंच. फोनवर 'हळद' म्हणणारा गुगलवर इंग्रजी अक्षरांत 'हल्दी पावडर' लिहितो, नाहीतर सरळ 'टर्मरिक'. आपला 'ळ' इंग्रजीत कसा लिहावा यावर कुणाचंच एकमत नाही. कुणी एल घेतं, कुणी डी. 'वसमत' कुणी व्हीनं सुरू करतं, कुणी डब्ल्यूनं, आणि जुनी माणसं 'बसमत' म्हणून बीनं. सगळी रूपं वहीत हवीत. गुगल बरीचशी रूपं आपोआप जुळवून घेतं, त्यामुळं प्रत्येकाला पान नको. पण लोक कुठल्या रूपानं जास्त शोधतात ते कळलं पाहिजे, म्हणजे शीर्षकात ते जाईल.

मराठवाड्यात यावर आणखी एक वळसा आहे, गावांच्या नावांचा. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव अधिकृतपणे २०२३ साली झालं. पाटीवर, बिलावर, पत्त्यात नवं नाव हवंच. पण दिल्लीहून लेणी बघायला येणारा पाहुणा आजही जुन्या नावानं हॉटेल शोधतो, आणि इथला माणूस टाइप करताना नुसतं 'संभाजीनगर' लिहून मोकळा होतो. दोन्ही नावं वहीत घ्या. पानावर कुठंतरी एक सरळ वाक्य येऊ द्या, की हे शहर पूर्वी अमुक नावानं ओळखलं जाई, तेवढं पुरतं. जुन्या नावाची अजून एक गंमत म्हणजे त्या नावाचा एक जिल्हा बिहारातही आहे. नुसत्या 'औरंगाबाद टॅक्सी'चे आकडे बघून हुरळून जाल, तर त्यातले किती तिकडचे, हे आधी वेगळं करा. आणि शेळीपालनवाल्यांनी ध्यानात ठेवावं, जिल्ह्याचं नाव बदललं तरी जात 'उस्मानाबादी'च आहे. 'धाराशिव शेळी' म्हणून पान बनवलंत तर बोकड गोठ्यातच राहतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि जिथं बहुतेकांचे पैसे बुडतात ते. एकच शब्द टाइप करणारी माणसं एका कामाची नसतात. 'हळद' घ्या. हा शब्द टाकणाऱ्यात कुणाच्या घरी लग्न असतं, त्याला हळदीच्या कार्यक्रमाची सजावट हवी असते. कुणाला खोकला झालेला, त्याला हळदीच्या दुधाचे फायदे वाचायचे. शेतकऱ्याला लागवडीचं अंतर हवं, करप्यावरचं औषध हवं, बेणं हवं, किंवा आजचा बाजारभाव. आणि या सगळ्या गर्दीत कोपऱ्यात उभी असते एक बाई, जिला वर्षाची पाच किलो हळद चांगल्या ठिकाणाहून भरायची आहे. आपली गिऱ्हाईक ती. काकांचा आधीचा वेबसाइटवाला 'वसमत हळद भाव आजचा' या शब्दावर फार खूश होता, कारण त्यावर गर्दी मोठी. गर्दी होतीच, पण ती हळद विकायला निघालेल्यांची. त्यांना काका काय विकणार? म्हणून वहीतल्या प्रत्येक शब्दापुढं एकच अक्षर लिहा: घेणारा असेल तर 'घ', माहिती विचारणारा 'म', आपला नसेलच तर फुली. फुल्या भरपूर पडायला हव्यात. नाही पडल्या तर तुम्ही स्वतःला फसवताय.

'म' म्हणजे टाकाऊ असं मात्र नाही. माझ्या ओळखीचा एकजण लेण्यांसाठी गाड्या देतो. त्याला मिळणारी निम्मी विचारपूस 'टॅक्सी' या शब्दावरून येतच नाही. लोक शोधतात, 'वेरूळ अजिंठा एका दिवसात होतं का', 'लेणी कोणत्या दिवशी बंद'. याची उत्तरं त्याला तोंडपाठ. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. वेरूळ संभाजीनगरपासून साधारण ३० किलोमीटर, अजिंठा १०० च्या आसपास आणि वेगळ्याच रस्त्याला, तेव्हा एका दिवसात दोन्ही कराल तर धावपळच. हे त्यानं एका पानावर लिहिलं, खाली गाडीचा दर टाकला. वाचणारा त्याच वेळी बेत आखत असतो, त्यामुळं फोनही तिथूनच लावतो. तुमच्या धंद्यात असा कुठला प्रश्न आहे, ज्याच्या पुढचं पाऊल खरेदीचं असतं? हळदीत तो आहे, 'वर्षाला किती हळद लागते' आणि 'हळकुंड घ्यावं की दळलेली'. असे चार-पाच तरी काढा.

मग शेपट्या जोडा. मूळ शब्दामागं गाव, वजन, दर, घरपोच, घाऊक, असली-नकली, कशी ओळखावी. 'हळद पावडर' या दोन शब्दांवर तुमची झुंज मोठमोठ्या ऑनलाइन बाजारांशी, ती सोडा. 'वसमत हळद ५ किलो घरपोच' शोधणारे मूठभर असतील, पण ते पाकीट हातात घेऊन बसलेले असतात. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा गावाचं नाव हीच तुमची मोठी शेपटी. बीडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी, मराठवाड्याचा केसर आंबा यांचंही तसंच. मालाआधी गाव लावायला विसरू नका.

इथपर्यंत वही झाली, आता गुगल उघडा, तेही खासगी (इनकॉग्निटो) विंडोत. तुमच्या रोजच्या खात्यातून शोधलंत तर तुमचीच सवय तुम्हाला परत दिसते. शब्द अर्धा टाइप करा आणि थांबा. खाली जी वाक्यं लोंबतात ती लोकांच्या खऱ्या शोधांवरून आलेली असतात, उतरवून घ्या. निकालांच्या मधे येणारे 'लोक हेही विचारतात'चे प्रश्न आणि पानाच्या तळाशी येणारे मिळतेजुळते शोध, तेही घ्या. ठिकाणानुसार हे बदलतं, म्हणून पुण्यातल्या मेव्हण्याला त्याच्या फोनवरून तेच शब्द टाकायला लावा आणि स्क्रीनशॉट मागवा. गिऱ्हाईक पुण्यात असेल तर वसमतला बसून काय दिसतं याला काय अर्थ?

त्याच बैठकीत वर आलेली पहिली दहा पानं नीट बघा. सगळी बातम्यांची असतील तर गुगलच्या हिशेबी त्या शब्दाला बातमी हवी आहे, तुमचं दुकान तिथं बसणार नाही. नकाशा आणि तीन दुकानं दिसली तर वेबसाइटच्या आधी गुगलवरची दुकानाची नोंद भक्कम करा. तिथं नाव पाटीवर आहे तेवढंच टाका. नावामागं 'बेस्ट हळद होलसेल वसमत' अशी माळ लावणं गुगलच्या नियमात बसत नाही, आणि अशा नोंदी बंद पडलेल्या मी पाहिल्यात.

साधनं आता. वेबसाइट आधीपासून असेल तर गुगलचंच सर्च कन्सोल, आणि तेही फुकट. मागच्या १६ महिन्यांत कुठल्या शब्दांवर तुमचं पान दिसलं, किती वेळा दिसलं, किती जणांनी दाबलं, सगळं तिथं मिळतं. फार क्वचित येणारे शब्द ते गोपनीयतेसाठी दाखवत नाही, म्हणून बेरीज जुळली नाही तर घाबरू नका. खूप वेळा दिसतंय पण कुणी दाबत नाही, अशा ओळी आधी बघा. तिथं बहुतेक शीर्षक फसलेलं असतं. काकांकडं 'हळकुंड' हा शब्द असाच सापडला. पान होतं पावडरीचं, लोक शोधत होते हळकुंड.

गुगल ट्रेंड्सवर २००४ पासूनचा आलेख मिळतो. त्यातला १०० म्हणजे शंभर माणसं नव्हेत, त्या काळातला सगळ्यात उंच बिंदू; बाकी सगळं त्याच्या तुलनेत. दोन शब्दांत जास्त चालणारा कोणता आणि कुठल्या महिन्यात चढतो, एवढ्यासाठीच ते वापरा. गाव पातळीवरचे शब्द टाकलेत तर आलेख बऱ्याचदा कोराच येईल.

गुगलचा कीवर्ड प्लॅनर त्याच्या जाहिरातीच्या खात्यातून उघडतो. जाहिरातीवर खर्च नसेल तर आकडे ढोबळ मिळतात, '१०० ते १ हजार' असे. त्यावर कुणी तुम्हाला हिशेब मांडून दाखवत असेल तर हसून चहा पाजा. त्यातला स्पर्धेचा रकाना जाहिरातदारांमधल्या चढाओढीचा असतो. फुकटात वर येणं किती अवघड, हे तो सांगत नाही. हा घोटाळा मी स्वतः वर्षभर केलाय. आणि एखाद्या शब्दापुढं आकडाच आला नाही, पण वहीत तो चौदा वेळा आलेला असेल, तर माझं मत वहीच्या बाजूनं.

आता छाटणी. उरलेल्या शब्दांचे एका अर्थाचे गठ्ठे बांधा आणि एका गठ्ठ्याला एकच पान द्या. 'हळद पावडर ५ किलो', 'वर्षाची हळद', 'घरपोच हळद' हे एक पान. घाऊक, कर्क्युमिन, लॅब रिपोर्ट हे दुसरं. हळकुंडाचं तिसरं. त्याच गठ्ठ्यावर दोन पानं केलीत तर ती आपसातच भांडतात. दुकान लहान असेल तर सहा-सात पानं खूप झाली. प्रत्येक पानाचं शीर्षक वहीतच, गिऱ्हाईकाच्या शब्दांत लिहून टाका. ते वेबसाइटवाल्यावर सोपवू नका.

कुणी म्हणालं, "दोनशे कीवर्ड टॅगमध्ये टाकून देतो," म्हणजे पानाच्या कोडमधल्या, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या कीवर्ड टॅगमध्ये, तर त्याला नम्रपणे सांगा, की क्रमवारीसाठी तो टॅग आम्ही पाहत नाही, हे गुगलनं २००९ सालीच जाहीर केलंय. हिंगोली, कळमनुरी, औंढा, सेनगाव अशी गावाचं नाव तेवढं बदललेली वीस पानं बनवून देणारेही भेटतील. नको म्हणा.

हंगामाचं एक पान वहीच्या शेवटी ठेवा. हळदीची काढणी आणि शिजवणी उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि घरोघरी साठवणीची खरेदीही मग त्याच पाठोपाठ. पान त्या आठवड्यात चढवून उपयोग नाही. गुगलला ते सापडायला, मुरायला वेळ लागतो. दिवाळी आटोपली की कामाला लागा. बेणं विकत असाल तर त्याचं पान मात्र लागवडीच्या बरंच आधी, फेब्रुवारीपर्यंत तयार हवं.

एवढं झालं की वेबसाइटवाल्याला बोलवा. वहीची झेरॉक्स त्याला द्या, मूळ वही फोनशेजारीच राहू द्या, कारण फोन उद्याही येणार आहेत.