बोगमाळोचं नेव्हीचं म्युझियम कसं बघायचं, आणि जहाजावर चढायचंच असेल तर कुठे जायचं

दर डिसेंबरात आमच्याकडे गोव्यात फोंड्याला पुण्या-सांगलीकडचे पाहुणे येतात. मंगेशी झालं, शांतादुर्गा झाली, कळंगुटला पाय भिजवून झाले की तिसऱ्या दिवशी कुणाचा तरी मुलगा विचारतोच, काका तुमच्याकडे ते समुद्राजवळ युद्धनौकेचं म्युझियम आहे ना? आहे रे बाबा, पण नौका नाही तिथे, विमानं आहेत. मग पोराचं तोंड पडतं आणि त्याचे बाबा म्हणतात जाऊदे मग, मॉलला जाऊ. इथेच चूक होते म्हणून हे लिहितोय, कारण बोगमाळोच्या त्या विमानांमध्ये जहाज दिसतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे.

आधी जायचं कसं ते उरकतो. सोमवारी बंद असतं, हे आधी लिहून ठेवा, आम्ही एकदा दोन गाड्या भरून सोमवारीच गेलो होतो आणि मग बीचवर भजी खाऊन परत, अजून त्यावरून घरात ऐकून घेतो. सकाळी उघडतं तेव्हाच जा, कारण अर्धं म्युझियम उघड्यावर आहे आणि बाराच्या उन्हात त्या पत्र्यांकडे बघवत नाही. पावसाळ्यात छत्री लागेल पण गर्दी नसते, मला तरी जुलैमध्येच आवडतं. श्रावणात वास्कोचा दामोदराचा सप्ताह असतो, त्या दिवशी गाडी घेऊन वास्कोच्या वाटेला जाऊच नका, सप्ताहालाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. रस्ता सोपा, फोंड्याहून बोरीचा पूल, वेर्णा, दाबोळी एअरपोर्ट आणि तिथून बोगमाळो बीचचा रस्ता. गाडी नसेल तर कदंबाच्या बसने वास्को आणि पुढे रिक्षा नाहीतर पायलट, म्हणजे आपला पिवळ्या मडगार्डचा बाईकवाला, बाहेरच्यांना वाटतं विमानाचा पायलट घ्यायला येणार. मोपाच्या एअरपोर्टला उतरणार असाल तर मात्र हे पार दुसऱ्या टोकाला आहे, अर्धा दिवस वेगळा काढा.

एक सांगतो, हा सगळा भाग नेव्हीच्या तळाला लागून आहे, आयएनएस हंसा. दाबोळीचं एअरपोर्टच मुळात त्यांच्या तळावर आहे, १९६४ साली नेव्हीचा हा तळ कोईमतूरजवळच्या सुलूरहून इकडे आला. त्यामुळे म्युझियममध्ये फोटो काढा (गेटवर विचारून), पण रस्त्यात कुंपणाकडे मोबाईल रोखत बसू नका. डोक्यावरून मिग घरघरत गेलं तर नुसतं बघा, तिकिटात नसलेला शो आहे तो.

आता आत शिरल्यावर. लोक काय करतात, पहिल्या विमानासमोर फॅमिली फोटो, दुसऱ्यासमोर सेल्फी, वीस मिनिटांत बाहेर. तसं करू नका. मुलांना एक काम द्या: प्रत्येक विमानात जहाजाच्या खुणा शोधायच्या. पंख दुमडायचा सांधा आहे का, शेपटीखाली आकडा आहे का, चाकांचे पाय दणकट आहेत का. कारण असं आहे की विमानवाहू जहाजाची धावपट्टी म्हणजे एवढुशी, तिच्यावर उतरताना विमान शेपटीचा आकडा डेकवरच्या तारेत अडकवून थांबतं, आणि खाली हँगरमध्ये जायच्या लिफ्टवर मावायचं तर पंख मिटावे लागतात, कोंबडीसारखे.

सी हॉकपासून सुरुवात करा. छोटं, गोंडस जेट, आकडा आहे, पंखांचा सांधा सापडतो. पोरं हमखास विचारतात की याच्या शेपटीतून आग कुठून निघायची, भोक कुठाय? नाहीच. इंजिन एकच पण त्याचा झोत दोन भागांत फाटून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो, पोरांना स्वतःच शोधू द्या, सांगू नका लगेच. बाजूचं आलिझे फ्रेंच, पुढे पंखा, पाणबुड्या शोधायचं काम, पोटातून रडार खाली सोडायची सोय, आणि पंखाखालचे ते फुगीर डबे दिसतात ना त्यांच्या पुढच्या भागात पाण्यात टाकायची ऐकायची यंत्रं असायची. ४ डिसेंबर १९७१ ला याच दोन जातींची विमानं विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या डेकवरून उडाली, सी हॉकनी आताच्या बांगलादेशातलं कॉक्स बाजार आणि चितगावचं बंदर झोडपलं. हे सांगितल्यावर आमच्या भाच्याने सी हॉकच्या चाकाला हात लावून बघितला आणि मग हात धुतलाच नाही म्हणे.

मग सी हॅरियर. इथे गंमत आहे, मुलं आकडा शोधतात आणि सापडत नाही, पंखाचा सांधा शोधतात तोही नाही. मग काय हे जहाजावरचं नाही? जहाजावरचंच, पण याला आकड्याची गरजच नाही कारण इंजिनाची चार तोंडं खाली फिरवून हे उभ्या उभ्या उतरायचं. उडताना मात्र थोडं पळायचं आणि विराट या दुसऱ्या विमानवाहू जहाजाच्या टोकाला जो वर वळलेला उतार होता त्याच्यावरून उसळी मारायचं, घसरगुंडी उलटी. पंख छोटे म्हणून मिटायचे नाहीत, नाकच तेवढं बाजूला वळतं. चाकं बघा, पोटाखाली पुढे-मागे आणि पंखांच्या टोकांना दोन बारकी, लहान मुलाच्या सायकलला लावतात तशी. नेव्हीने यांना इथेच, हंसावर, ११ मे २०१६ ला निरोप दिला.

सगळ्यात मोठं धूड म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन, चार इंजिनं, तीन शेपट्या, डॉल्फिनसारखी पाठ. याच्यात जहाजाची एकही खूण सापडणार नाही कारण हे कधी डेकवर उतरलंच नाही. आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान, मग एअरफोर्सकडे, आणि १९७६ मध्ये नेव्हीकडे आलं, समुद्रावर तासन्‌तास गस्त घालायला. स्क्वाड्रनचा, म्हणजे विमानांच्या तुकडीचा, नंबर ३१२, हा नंबर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मला विचाराल तर सगळ्या म्युझियममध्ये देखणं हेच. याच्या सावलीत बसून डबा खायला मिळाला असता तर काय मजा आली असती.

बाकीचं भरभर: सीलँड हे पाण्यावर पण उतरणारं, १९५३ साली नेव्हीत आलेली पहिली विमानं हीच. कामोव्ह हेलिकॉप्टरला वरचे पंखे दोन, एकावर एक, उलट सुलट फिरणारे, म्हणून शेपटीला पंखा नाही, छोट्या जहाजाच्या मागच्या डेकवर मावायला बरं. व्हँपायर, फायरफ्लाय बघा आणि पुढे चला.

आतल्या दालनांत इंजिनं, बॉम्ब, टॉर्पेडो आणि फोटो खूप आहेत, पण मुद्द्याची वस्तू म्हणजे विक्रांत आणि विराटची मॉडेल्स. बाहेरची विमानं आधी बघून मग इथे या, उलट नको. मॉडेलवर तारा कुठे, लिफ्ट कुठे, ते बोट दाखवून शोधा आणि मघाशी बघितलेला सी हॉक त्या डेकवर ठेवून बघा मनात. जरा वाईट पण वाटतं इथे. खरी विक्रांत १९९७ ला निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती, माझ्या मामाने आम्हाला नेलं होतं, आणि २०१४ मध्ये तोडायला गेली. तिचं लोखंड एका मोटारसायकलच्या टाकीत गेलं, ती बाईक आमच्या गल्लीत अजून एकाकडे आहे. विराट गोव्यात आणून ठेवायची पण बोलणी झाली होती, कोर्टापर्यंत गेलं, आणि शेवटी तीही गुजरातेत अलंगला भंगारात तोडली गेली. गोव्यात आली असती तर मी हे काहीच लिहिलं नसतं, सरळ लोकेशन पाठवलं असतं.

दुपारी बोगमाळोलाच शीत-कडी, म्हणजे आपला भात-आमटी, खा. संध्याकाळी वेळ असेल तर झुआरी पूल ओलांडून दोनापावलाला जा आणि जेटीवरून समोर मुरगाव बंदराकडे बघा. गोवा मुक्तीच्या लढाईत, १८ डिसेंबर १९६१ ला, याच पाण्यात पोर्तुगीजांची आफोंसो द आल्बुकर्क ही युद्धनौका आपल्या बेतवा आणि बियास या फ्रिगेटांशी लढली. १९३४ ची इंग्लंडात बांधलेली नौका, १२० मिलिमीटरच्या चार तोफा, समोरच्या नव्या नौकांपुढे टिकणं अवघडच होतं. कॅप्टन जखमी झाला आणि शेवटी बांबोळीच्या बाजूला किनाऱ्याला लावून खलाशी उतरले. पुढे तीही मुंबईत भंगारात. आमचे आजोबा सांगायचे की तोफांचा आवाज त्यांनी घरातून ऐकला, फोंड्यापर्यंत खरंच आला असेल का देव जाणे, पण आम्ही कधी वाद घातला नाही. हे पाहुण्यांना सांगा, नाहीतर दोनापावलाला लोक फक्त सिनेमाचं शूटिंग कुठे झालं तेच विचारतात.

आणि पोरगा एवढं होऊनही म्हणालाच की मला जहाजावर चढायचंय, तर कारवार. गोव्याची हद्द संपली की लगेच. मडगावहून ट्रेन आहे पण तिकडचं स्टेशन गावापासून लांब, गाडीच बरी. काणकोण, पोळे, माजाळी, मग काळी नदीचा पूल (जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये पडला, वाहतूक आता नव्यावरून) आणि पूल उतरलात की टागोर बीच. तिथे वाळूच्या कडेला आयएनएस चपळ उभी आहे, रशियन बनावटीची मिसाईल बोट. म्हणजे बॅटलशिप वगैरे मनात आणून जाऊ नका, जेमतेम ३९ मीटरची आहे, पण दोन्ही बाजूंना मिसाईलचे ते लांबडे चार डबे बघितले की कळतं की एवढ्याशा बोटीला मोठी जहाजं का घाबरायची. नेटवर बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं की ही ७१ च्या लढाईत होती. नव्हती. ही नेव्हीत आली १९७६ ला आणि निवृत्त झाली २००५ ला. कराचीवर गेलेल्या त्या निपात, निर्घात आणि वीर, चपळ त्यांची धाकटी बहीण समजा. आतले जिने अरुंद आणि उभे आहेत, आजी-आजोबांना बाहेर बाकावर बसवा, आणि डोकं सांभाळा, मी प्रत्येक वेळी त्याच एका दारात आपटतो.

चपळच्या शेजारी एक अजस्र विमान दिसेल, टुपोलेव्ह १४२, प्रत्येक इंजिनाला दोन-दोन पंखे. हे चालवणारी स्क्वाड्रन कुठली? ३१२. सुपर कॉन्स्टेलेशन गेल्यावर त्याच नंबरखाली १९८८ ला टुपोलेव्ह आली आणि पहिली काही वर्षं आपल्या दाबोळीलाच होती, १९९२ ला तमिळनाडूत गेली. मुलाने बोगमाळोत नंबर लक्षात ठेवला असेल तर त्याला इथे आईस्क्रीम. परतताना पाच वाजायच्या आत निघा, काणकोणच्या घाटात अंधार लवकर पडतो.