घरच्या सोयाबीननं अडवलेलं वजन

औशाजवळ आमचं ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांचं, शेड आहे. सोया पेंड महागली म्हणून एका बॅचला घरचंच सोयाबीन भरडून मक्यात मिसळलं. प्रथिनं कागदावर भरपूर, पण तिसऱ्या आठवड्यात पक्षी खुरटलेले, विष्ठा पातळ. जीव तुटला. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडवणारा घटक असतो. तो प्रथिनं नीट पचूच देत नाही आणि नीट उष्णता दिली तरच निकामी होतो. लगेच उष्णता दिलेल्या सोया पेंडीवर आलो. पुढच्या बॅचला पहिले दहा दिवस खाद्यात २२-२३ टक्के प्रथिनं, शेवटी १९-२०. सोयात मेथिओनिन हे प्रथिनं बनवणारं अमिनो आम्ल कमी, ते वेगळं घातलं. लायसिन हे दुसरं अमिनो आम्लही सांभाळलं, कारण ते कमी पडलं की छातीचं मांस भरत नाही. त्या बॅचचे पक्षी हाताला जड लागले. घरचं सोयाबीन आता सरळ मोंढ्यावर विकायला जातं.