पक्ष्यांची नाती डीएनएतून शोधताय? या चुका टाळा

देवगडच्या खाडीत एक करडा बगळा आणि शेजारी एक पांढरा दिसला, तुम्ही नमुन्यांवर दोन जातींची लेबलं लावली; चूक तिथेच झाली. किनारी बगळ्यात करडे आणि पांढरे, दोन्ही पक्षी एकाच जातीचे असतात. शिवाय 'लहान बगळा' या दुसऱ्या जातीशी त्याचा संकरही होतो. जात ओळखायला सहसा वाचतात तो माइटोकॉन्ड्रियाचा (पेशीत केंद्रकाबाहेर असणाऱ्या, ऊर्जा बनवणाऱ्या भागांचा) डीएनए आईकडूनच येतो, म्हणून संकरित पिल्लू अहवालात सरळ आईच्या जातीचं निघतं. बापाचा मागमूसही लागत नाही. शंका आली तर केंद्रकातली जनुकंही वाचून घ्या.

कोकणात खरी डोकेदुखी दमट हवेची. पीस प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं की बुरशी आलीच. कागदी पाकिटात, सिलिका जेलसोबत ठेवा. वाळूत उन्हं खात पडलेलं पीस फारसं कामाचं नसतं, उन्हाने डीएनएचे तुकडे होतात. आणि वनखात्याची परवानगी आधी, पिशवी नंतर.

रक्ताचा नमुना असेल तर वेगळंच लचांड. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, त्यामुळे डीएनए भरपूर मिळतो, पण बहुतेक केंद्रकाचा. त्यात माइटोकॉन्ड्रियाच्या जनुकांच्या जुन्या, निकामी नकला लपलेल्या असतात आणि पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवताना, त्याच वाढून येतात. सीओआय या माइटोकॉन्ड्रियातल्या जनुकाच्या मधोमध थांबा-संकेत (प्रथिन इथे संपलं, असं सांगणारी तीन अक्षरं) दिसला की याचाच संशय घ्या. त्याआधी सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठवंशीय माइटोकॉन्ड्रियाची संकेतसारणी (कुठल्या तीन अक्षरांचा काय अर्थ, ते सांगणारी यादी) निवडलीय ना, ते बघा. नेहमीच्या सारणीत टीजीए म्हणजे थांबा, इथे मात्र ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. बऱ्याचदा घबराट इथेच संपते.

बाह्यगट, म्हणजे वंशवृक्षाचं मूळ ठरवायला तुलनेसाठी घेतलेला लांबचा पक्षी, निवडताना चोच-नखं बघू नका. घार, समुद्र गरुड आणि बहिरी ससाणा एका गटात घेऊन पोपट बाहेर ठेवलात, तर झाडाचं मूळच चुकीच्या जागी बसेल. ससाणा घारीपेक्षा पोपटाला जवळचा. कोंबडी ठेवा, ती या सगळ्यांपासून लांबची.

सीओआयची साडेसहाशेच्या आसपास अक्षरं जात ओळखायला बहुतेकदा पुरतात, जुनी नाती लावायला नाही. डायनासोर संपले त्या सुमारास, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, पक्ष्यांच्या फांद्या इतक्या भराभर फुटल्या की २०१४ मध्ये ४८ पक्ष्यांचे जीनोम (संपूर्ण डीएनए) मांडूनही सगळा गुंता सुटला नाही. टिबुकली आणि रोहित जवळचे नातलग, हे मात्र पक्कं झालं. तुमच्या एका जनुकाच्या झाडात ते लांब पडले, तर टिबुकलीचा नमुना बाद करू नका.