क्रॉसओव्हरला हिच आणि वायरिंग बसवताय? या चुका टाळा

अमेरिकेत घर बदलायचं असतं, मुलाला कॉलेजच्या गावी पोचवायचं असतं किंवा उन्हाळ्यात सायकली घेऊन बाहेर पडायचं असतं, तेव्हा आपल्या क्रॉसओव्हरला (कारच्या धर्तीवर बांधलेल्या एसयूव्हीला) मागे हिच, म्हणजे ट्रेलर किंवा सायकलींचा रॅक जोडायची लोखंडी जोडणी, असावी असं वाटू लागतं. भारतात खासगी गाडीमागे ट्रेलर जोडायची फारशी पद्धत नाही. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांची या विषयाशी गाठ इथे आल्यावरच पडते, आणि ऑनलाइन दुकानातलं ‘तुमच्या गाडीला बसते’ हे वाक्य वाचून खरेदी उरकली जाते. हिच बसते, यात खोटं काही नसतं. पण गाडीला तेवढं ओढता येतं का, हे त्या वाक्यात कुठेच लिहिलेलं नसतं. महागात पडणाऱ्या बहुतेक चुका हातात पाना घेण्याआधीच झालेल्या असतात, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

हिचवरचा आकडा गाडीचा समजणे

टोयोटा राव्ह-४ घ्या. २०१९ ते २०२५ या पिढीतल्या साध्या पेट्रोल मॉडेलांची ओढण्याची मर्यादा १,५०० पाउंड आहे. ॲडव्हेंचर आणि टीआरडी ऑफ-रोड या प्रकारांची ३,५००. हायब्रिडची १,७५० आणि प्लग-इन प्राइमची २,५००. बाजारातली एकच हिच यातल्या बहुतेकांना बसते आणि तिच्या लेबलवर ३,५०० छापलेलं असतं. ते लेबल लोखंडाबद्दल बोलतं. इंजिन आणि गिअरबॉक्स चढावर किती तापेल, ब्रेक किती वजन थांबवू शकतील, याच्याशी त्याचा संबंध नाही. १,५०० च्या गाडीला ३,५०० ची हिच लावली तरी गाडी १,५०० चीच राहते. होंडा पायलटमध्येही असंच आहे: चारही चाकांना जोर असलेलं मॉडेल ५,००० पाउंड ओढतं, फक्त पुढच्या चाकांचं ३,५००.

म्हणून आधी गाडीचं मॅन्युअल उघडा आणि नेमक्या आपल्या प्रकाराची ओळ शोधा. गाडी, हिच, बॉल माउंट (हिचच्या तोंडात सरकवायचा दांडा), बॉल (त्या दांड्यावरचा गोळा, ज्यावर ट्रेलरचं तोंड बसतं), ट्रेलर या प्रत्येकावर एक आकडा असतो. त्यातला सगळ्यात लहान असेल, तो तुमचा.

आता भाड्याच्या ट्रेलरचं पाहा. यू-हॉल या भाड्याने ट्रेलर देणाऱ्या कंपनीचा चार बाय आठ फुटांचा बंद ट्रेलर रिकामाच ८५० पाउंड भरतो. तुमची गाडी १,५०० ची असेल, तर सामानासाठी उरले ६५०. पुस्तकांची खोकी, स्टीलची भांडी, एक पलंग आणि गादी यांत हा आकडा कधी ओलांडला जातो ते कळतही नाही, कारण ट्रेलर तेव्हा अर्धा रिकामा दिसत असतो.

टंग वेट विसरणे

ट्रेलरचं तोंड बॉलवर जेवढा भार खाली दाबतं, ते टंग वेट. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार तिथे असायला हवा. कमी पडला तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलू लागतो, आणि हायवेवर त्याला आवरणं फार कठीण असतं. जास्त झाला तर गाडीची मागची बाजू बसते, पुढच्या चाकांची पकड सैल होते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. साधारण साठ टक्के सामान ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्यात ठेवायचं. छोट्या ट्रेलरचं टंग वेट घरातल्या वजनकाट्यावर मोजता येतं: काटा बॉलच्या उंचीला येईल असा भक्कम ठोकळ्यांवर ठेवा, ट्रेलर आडवा सरळ ठेवून त्याचं तोंड काट्यावर टेकवा आणि आकडा वाचा.

हे टंग वेट गाडीतल्या ओझ्यातही धरायचं असतं. सगळ्यात जास्त दुर्लक्षित मुद्दा माझ्या मते हाच. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर टायर आणि वजनाचं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती पाउंड, ते त्यावर लिहिलेलं असतं. समजा तिथे ८५० आहे. चार माणसांचे ६००, डिकीतल्या बॅगांचे १००, हिचचं स्वतःचं वजन ४०. उरले ११०. आणि १,५०० पाउंडांच्या ट्रेलरचं कमीत कमी टंग वेट होतं १५०. म्हणजे ओढण्याची मर्यादा पाळूनही गाडी ओव्हरलोड झाली. अशा वेळी दोघांनी दुसऱ्या गाडीतून यावं किंवा डिकी रिकामी करावी.

‘फक्त सायकलीच तर न्यायच्यात’

हिचचे ताकदीनुसार क्लास असतात. क्लास १ आणि क्लास २ च्या हिचचं चौकोनी तोंड सव्वा इंचाचं असतं, क्लास ३ चं दोन इंचांचं. क्लास १ म्हणजे २,००० पाउंडांपर्यंतचा ट्रेलर आणि २०० पाउंड टंग वेट; क्लास २ म्हणजे ३,५०० आणि ३५०. कितीही मोठा क्लास लावला तरी गाडीची मर्यादा वाढत नाही, हे वर आलंच. तरीही गाडीला बसत असेल तर दोन इंचांचीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण चार सायकलींचे बहुतेक चांगले रॅक दोन इंचांसाठीच बनतात. सव्वा इंचाच्या तोंडात ॲडॉप्टर घालून मोठा रॅक लावणं ही चूक आहे. ॲडॉप्टर भार आणखी मागे ढकलतो आणि हिचची क्षमता कमी करतो.

इलेक्ट्रिक सायकलींचा हिशोब वेगळाच. एकेक ६०-७० पाउंडांची असते. दोन सायकली आणि ५० पाउंडांचा रॅक मिळून क्लास १ ची मर्यादा जवळपास संपते, आणि तो भार बॉलपेक्षा मागे लटकत असल्यामुळे प्रत्येक खड्ड्यात हिचला पिळतो. रॅक बनवणाऱ्याची आणि हिच बनवणाऱ्याची, दोन्ही सूचनापत्रकं वाचा.

बसवताना

गाडी सपाट जागी घ्या आणि जॅकवर भरवसा न ठेवता स्टँड लावा. बऱ्याच क्रॉसओव्हरमध्ये सायलेन्सर खाली उतरवावा लागतो. तो ज्या रबरांवर लटकतो, त्यांना साबणाचं पाणी लावलं की ती निसटतात. पण त्याआधी सायलेन्सरखाली पट्टा किंवा आधार द्या, नाहीतर त्याचं सगळं वजन पुढच्या पाइपवर येतं.

हिचचे बोल्ट पुष्कळदा चेसिसमध्ये आधीच वेल्ड केलेल्या नटांत जातात. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क या भागांत, जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे चार-पाच वर्षांच्या गाडीत हे आटे गंजलेले असतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारा, तारेच्या गोल ब्रशने आटे साफ करा, तेल पुसून काढा, आणि बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे फिरतो का ते पाहा. फिरत नसेल तर थांबा. इम्पॅक्ट गन लावून जबरदस्ती केली की आतला नट वेल्डमधून सुटतो आणि बंद चेसिसच्या आत नुसता गोल फिरत राहतो. दहा मिनिटांचं काम मग वर्कशॉपमधल्या दिवसाचं होतं.

शेवटचं घट्ट करणं टॉर्क पान्यानेच, पत्रकात दिलेल्या आकड्यावर. तेलकट आट्यांवर तोच आकडा बोल्टला जास्त ताणतो, म्हणून वर तेल पुसायला सांगितलं. काही हिचसाठी बंपरचा प्लॅस्टिक भाग कापावा लागतो. आधी चिकटपट्टी लावून खूण करा आणि थोडं कमीच कापा. मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत ब्लाइंड स्पॉटचे रडार असतात; बंपर उतरवताना तो ओढण्याआधी आतले कनेक्टर सोडवा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी (उच्च दाबाच्या विजेची) केबल दिसली की तिच्या आसपास ड्रिल चालवायचं नाही.

वायरिंग: इथे कात्री लागत नाही

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे. अमेरिकी ट्रेलरवर ब्रेकचा आणि वळण्याचा दिवा बहुधा एकच असतो. अनेक क्रॉसओव्हरमध्ये मात्र ब्रेक लाल आणि इंडिकेटर वेगळा, पिवळा. या दोन पद्धती जुळवायला मध्ये कन्व्हर्टर लागतो. तो न लावता गाडीच्या वायरी सोलून ट्रेलरच्या चार वायरी जोडल्या, तर एक तर दिवे चुकीचे लागतात, किंवा गाडीच्या ज्या कॉम्प्युटर मॉड्यूलमधून दिवे चालतात त्यावर जादा भार पडून ते जळतं. हार्नेस (तयार जोडलेल्या वायरींचा संच) न घेता वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट मग त्या मॉड्यूलला जातात.

आपल्या मॉडेलसाठी बनवलेला प्लग-इन हार्नेस घ्या. तो मागच्या दिव्यांच्या कनेक्टरमध्ये बसतो आणि एकही वायर कापावी लागत नाही. त्यातही बॅटरीवरून स्वतंत्र वीज घेणारा कन्व्हर्टर निवडा. तो गाडीच्या दिव्यांकडून फक्त इशारा घेतो. ट्रेलरचे दिवे पेटवायची वीज थेट बॅटरीवरून येते. होंडा पायलटसारख्या काही गाड्यांत कारखान्यानेच ट्रेलरसाठी कनेक्टर देऊन ठेवलेला असतो. हार्नेस मागवण्याआधी तेही पाहून घ्या.

बॅटरीवरून येणाऱ्या वायरचा फ्यूज बॅटरीजवळ असावा. तो मागे डिकीत बसवला, तर मधली सगळी वायर असुरक्षित राहते. ती कुठे घासून उघडी पडली की आग लागू शकते. वायर सायलेन्सरपासून आणि फिरणाऱ्या भागांपासून लांब न्या, पत्र्याच्या भोकातून नेताना रबराचं वायसर घाला, आणि फ्यूज सगळ्यात शेवटी बसवा. राव्ह-४ हायब्रिडची १२ व्होल्टची बॅटरी मागे सामानाच्या जागेतच आहे, त्यामुळे तिथे ही वायर अगदी छोटी पुरते.

चपट्या चार पिनांच्या कनेक्टरचे रंग लक्षात ठेवा: पांढरी ग्राउंड (वीज परत जायची वाट), तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. पांढरी वायर रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर घट्ट बसवायची. रंगावर किंवा गंजावर बसवली तर आज चालेल आणि पहिल्या पावसात बंद पडेल.

या चार पिनांत इलेक्ट्रिक ब्रेकची वायर नसते. अशा ब्रेकचा ट्रेलर ओढायचा तर सात पिनांचा कनेक्टर आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर लागतो. बऱ्याच क्रॉसओव्हरचं मॅन्युअल १,००० पाउंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक मागतं. राज्याचा कायदा वेगळा बघावा लागतो.

दिवे लागत नसतील तर

ट्रेलर सोडवा आणि आधी गाडीच्या कनेक्टरवर टेस्टर लावा. दोष गाडीत आहे की ट्रेलरमध्ये, हे ठरल्याशिवाय काहीही उघडायचं नाही. गाडीकडच्या कनेक्टरवर जी एकच पिन उघडी दिसते, ती ग्राउंडची. टेस्टरचा चिमटा तिला लावून बाकीच्या तीन भोकांत तपासा. मग चिमटा गाडीच्या उघड्या पत्र्याला लावून तेच पुन्हा करा. पत्र्यावर टेस्टर नीट पेटतो आणि पिनवर मंद, असं झालं तर पांढरी वायर सैल आहे.

गाडीकडे सगळं ठीक, पण ट्रेलर जोडला की डावा इंडिकेटर दिल्यावर दोन्ही बाजू मंद लुकलुकतात? ट्रेलरचा ग्राउंड खराब आहे. जुन्या ट्रेलरमध्ये ग्राउंड बॉलमधून गाडीकडे येत असतो आणि ग्रीस, गंज यांनी तो तुटतो. ट्रेलरच्या सांगाड्यापासून कनेक्टरपर्यंत पांढरी वायर नीट करा.

काहीच लागत नसेल तर बॅटरीजवळचा फ्यूज पाहा. तो ठीक असूनही सगळं बंद असेल तर कन्व्हर्टर भार जास्त झाल्याने स्वतःहून बंद झालेला असू शकतो. फ्यूज काढून थोड्या वेळाने परत लावा. पुन्हा बंद झाला तर ट्रेलरमध्ये शॉर्ट आहे. डावं-उजवं उलटं झालं असेल तर पिवळ्या वायरचा प्लग ड्रायव्हरच्या बाजूला आहे ना ते बघा. पावसानंतरच बिघडत असेल तर कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी आत शिरू न देणारं) भरा आणि वापरात नसताना टोपण लावा.

पहिल्यांदा निघताना

बॉलचा आकार ट्रेलरच्या तोंडावर कोरलेल्या आकड्याशी जुळवा. ट्रेलरच्या दोन इंचांच्या तोंडात १ ७/८ इंचाचा बॉल बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात सुटतो. सेफ्टी चेन एकमेकींवरून फुलीसारख्या ओलांडून लावा, म्हणजे तोंड सुटलंच तर ते रस्त्यावर न आपटता चेनच्या झोळीत पडेल. रिव्हर्समध्ये आपोआप ब्रेक लागण्याची सोय असेल तर ती बंद करा. ट्रेलरला अडथळा समजून गाडी करकचून थांबते. कॅलिफोर्नियात ट्रेलर मागे असताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे, बाकी गाड्या ६५ ने जात असल्या तरी. थोडे मैल गेल्यावर पहिल्या सुरक्षित जागी थांबून बॉलची कडी, पिन, चेन आणि दिवे तपासा, आणि ट्रेलरच्या चाकांचे हब (मधले भाग) हाताने जपून चाचपा. एकच हब चटका बसण्याइतका तापला असेल, तर त्याचं बेअरिंग गेलं आहे किंवा ब्रेक अडकला आहे. तिथून पुढे जाऊ नका.