एनक्रिप्ट केलेल्या एसएसडीवर ट्रिम पोचतंय का?

ट्रिम म्हणजे पुसलेल्या फाइलींचे ब्लॉक मोकळे झाले हे एसएसडीला कळवणारी आज्ञा. ती ठरावीक वेळाने देणारा ‘एफएसट्रिम डॉट टायमर’ लिनक्सवर चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डिस्क लक्सने (लिनक्सची नेहमीची एनक्रिप्शन पद्धत) एनक्रिप्ट केली असेल, तर मधला डीएम-क्रिप्टचा, म्हणजे एनक्रिप्शन करणारा, थर ट्रिमची आज्ञा वेगळं सांगितल्याशिवाय खाली जाऊच देत नाही. टायमर दर आठवड्याला इमानेइतबारे धावतो, चूकही दाखवत नाही, आणि ड्राइव्हला मात्र कुठले ब्लॉक मोकळे झाले याचा पत्ता नसतो. परिणामी तो फालतू डेटाही इकडून तिकडे हलवत बसतो; लिहिणं मंदावतं, झीज वाढते.

टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ला दोन डॅश देऊन ‘डिस्कार्ड’ जोडा. एनक्रिप्टेड विभाजनाखाली येणाऱ्या क्रिप्ट उपकरणाच्या ओळीत ‘डिस्क-ग्रॅन’ आणि ‘डिस्क-मॅक्स’खाली शून्य दिसलं, की ट्रिम तिथेच अडतंय. मग एनक्रिप्टेड डिस्क कशा उघडायच्या ते नोंदवणाऱ्या ‘क्रिप्टटॅब’ फाइलच्या चौथ्या रकान्यात स्वल्पविराम देऊन ‘डिस्कार्ड’ लिहा. डेबियन-उबुंटूवर रूट विभाजन एनक्रिप्टेड असेल तर इनिट्रॅमएफएस (बूट होताना सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइल सिस्टम) नव्याने बनवायला विसरू नका, बहुतेकांचं इथेच अडतं. मग रीबूट.

आता सुडोने ‘एफएसट्रिम’ चालवा, डॅश व्ही आणि पुढे तिरकी रेघ: किती जागा ट्रिम झाली ते दिसेल. ईएक्सटी४ या फाइल सिस्टमवर लगेच पुन्हा चालवलंत तर आकडा जवळपास शून्य येतो. ते बिघडलेलं नाही, आधी ट्रिम केलेले भाग ही फाइल सिस्टम लक्षात ठेवते.

एक किंमत आहे: डिस्क हाती लागलेल्याला किती जागा रिकामी आहे ते कळू शकतं. घरच्या लॅपटॉपला चालतं.